जुना संगणक चालेल, हरवलेली नोंद चालणार नाही

पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, वहिनी, मावश्या, आणि रेडिओ लावून पापड लाटत बसलेल्या आज्या, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक, गटांची समन्वयक. शिक्षण बी.ए., आणि संगणकाचं म्हणाल तर एमएस-सीआयटी, एवढंच. बाकीचं सगळं झाकण उघडून, चुका करून शिकले. माझ्या पिशवीत गटाच्या वहीबरोबर एक पेचकस कायम असतो, त्यावरून मला चिडवतातही. पण संगणक हा विषय निघाला की मी गप्प बसू शकत नाही. आज तर रेडिओनंच बोलावलंय, तेव्हा माझी मतं तुम्हाला ऐकावी लागणार.

सुरुवात आमच्या एका बैठकीपासून करते. ग्रामसंघाच्या खोलीत एक संगणक आहे, दहा वर्षांपूर्वीचा. तो सुरू व्हायला बारा मिनिटं लागायची. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, पिऊन कप विसळायचे, तरी पडद्यावर गोल फिरतंच आहे. दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, "ताई, हा भंगारात द्या. पंचेचाळीस हजारांत नवा बसवून देतो."

पंचेचाळीस हजार. पाच गटांनी प्रत्येकी नऊ हजार काढायचे असा विषय बैठकीत आला. आता नऊ हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे जोहे, हमरापूर भागात गणपतीचे कारखाने आहेत. हंगामाच्या तोंडावर एखादीला रंग आणायला कर्ज लागतं, ते एवढंच असतं. संगणकात पैसे घातले की त्या बाईला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणावं लागणार.

पापडाच्या गटातल्या एक मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जात्यातून भरड पीठ पडायला लागलं तर जातं फेकून देतो का आपण? त्याला टाकी लावून घेतो." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "मावशी बरोबर बोलताहेत. मला आठ दिवस द्या."

आता संगणक हळू का चालतो, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. संगणकात तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक प्रोसेसर, म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. दुसरी रॅम, म्हणजे ओटा. तिसरी डिस्क, म्हणजे फडताळ. सगळं सामान फडताळात असतं. काम करताना लागेल तेवढं ओट्यावर काढतो आणि काम झालं की ओटा पुसून घेतो. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं ते यामुळेच, आणि डिस्कमधलं राहतं.

ओटा लहान असेल तर बाई कितीही चपळ असो, तिचा निम्मा वेळ डबे काढण्यात आणि ठेवण्यात जातो. आणि फडताळाचं दार अडकत असेल तर विचारूच नका. जुन्या संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे गोल फिरणारी तबकडी असते. तिच्यावर एक बारीक दांडी हलून माहिती शोधते. नवीन प्रकारची डिस्क येते तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारं, हलणारं काही नसतं, म्हणून ती कितीतरी पटीनं लवकर उघडते.

आपल्या संगणकात नेमकं काय अडलंय ते घरबसल्या कळतं. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. एक चौकट उघडेल. तिच्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क अशी नावं आणि समोर टक्के दिसतील. मेमरी म्हणजे आपली रॅम. संगणक सुरू होऊन दहा मिनिटं झाली तरी डिस्कसमोर शंभर टक्के दिसत असतील तर फडताळ अडलंय. मेमरी कायम नव्वदीच्या पुढे असेल तर ओटा पुरत नाही.

आमच्याकडे दोन्ही होतं. मी एसएसडी बसवून घेतली आणि रॅम चार जीबी होती ती आठ केली. आत धूळ इतकी होती की पंखा फिरताना गुरगुरायचा. मूर्तीला रंग देतात तो मऊ ब्रश कोरडा करून, वीज बंद ठेवून, सगळं झाडून काढलं. एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आत. बारा मिनिटांचा संगणक मिनिटभराच्या आत उघडायला लागला. मावशींनी पडद्याला हळदकुंकू लावायचं बाकी ठेवलं.

एक सूचना इथंच देते. डिस्क बदलली की जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात आपल्या बायांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोटो सगळं असतं. ती मागून घ्या आणि कपाटात कुलपात ठेवा.

म्हणजे नवीन कधीच घेऊ नये असं नाही. माझा हिशेब असा आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल, किंवा आतला मुख्य बोर्डच जळला असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. घ्यायचाच झाला तर खोलीत ठेवायला डेस्कटॉप घ्या. त्याचा कीबोर्ड बिघडला तर काहीशे रुपयांत दुसरा येतो. पडदा गेला तर फक्त पडदा बदलतो. लॅपटॉपचं तसं नाही. आणि खरं सांगू का, गटाचा लॅपटॉप "जरा घरी नेते" म्हणून कुणाच्या तरी घरी जातो आणि त्या घरचाच होऊन जातो. हसू नका, तुमच्या गावातही झालं असेल.

प्रिंटरचंही सांगते. महिन्यातून दोनदाच छपाई असेल तर शाईचा प्रिंटर घेऊ नका. शाई आत वाळते, नळ्या तुंबतात, आणि दर वेळी दुरुस्तीला माणूस बोलवावा लागतो. आपल्यासाठी काळ्या छपाईचा लेझर प्रिंटर बरा, त्यात कोरडी पूड असते. फक्त तो यूपीएसला जोडू नका, त्याला एकदम जास्त वीज लागते. यूपीएस हा दहा-पंधरा मिनिटांचा सोबती आहे. वीज गेली की काम साठवायचं आणि संगणक नीट बंद करायचा, एवढ्यासाठीच तो घ्यायचा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग सरळ काढून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा असते. संगणक महिनाभर बंद ठेवू नका, दोन-तीन दिवसांनी तासभर चालू करा, म्हणजे आतली ओल सुकते.

आता विंडोजचा विषय. दुकानदारानं आम्हाला आणखी एक भीती घातली होती, "विंडोज 10 बंद झालं." त्यात अर्धं खरं आहे. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नाही. चोराला सापडलेल्या नव्या फटी बुजवायला कंपनी येत होती, ती येणं थांबतं. घर उभंच आहे, पण कौलं शाकारणारं कुणी नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करत राहणं धोक्याचं. विंडोज 11 टाकावं तर जुन्या संगणकात त्यासाठी लागणारी सुरक्षेची सोय बहुतेक वेळा नसते.

मग आम्ही त्यावर लिनक्स टाकलं. हे नाव ऐकून घाबरू नका. विंडोजसारखीच ही एक प्रणाली आहे, फुकट मिळते, आणि जुन्या संगणकावर छान चालते. तिच्याबरोबर लिबरऑफिस येतं, त्यात पत्र लिहिता येतं आणि हिशेबाचे तक्तेही करता येतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. त्यांना जमतं, आपल्याला का नाही जमणार?

पण खोटं सांगणार नाही. बोटाचा ठसा घेणारी काही यंत्रं, काही प्रिंटर, हिशेबाची काही विकतची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाहीत. तुमचं काम त्यावर अवलंबून असेल तर आधी चौकशी करा. आणि एक गोष्ट मात्र करू नका. "क्रॅक मारून देतो, फुकटात विंडोज" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. फुकट आणि चोरीचं यात फरक आहे. क्रॅकबरोबर व्हायरस आला तर पैसे आपल्या बायांचे जाणार.

इथपर्यंत यंत्राचं झालं. आता मी ज्यासाठी खरं बोलायला आले ते सांगते. ही माझी स्वतःची चूक आहे, आणि ती सांगायला मला अजून जड जातं.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तो दिवस. तुमच्यापैकी प्रत्येकीला तो आठवत असणार. आमच्या खोलीचे पत्रे उडाले. संगणक टेबलावर होता, तो पाण्यात न्हाला. त्यात तीन वर्षांचे हिशेब होते, कुणाची किती बचत, कुणाचं किती कर्ज, पापडाच्या मागण्या, सगळं. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, मी शहाणी आहे, पेन ड्राईव्हवर प्रत ठेवली आहे. आणि ती पेन ड्राईव्ह कुठे होती? त्याच टेबलाच्या खणात. त्याच पाण्यात.

पेणच्या बाईची पेन ड्राईव्हनं अशी फजिती केली.

मग आम्ही काय केलं? कागदाची रजिस्टरं भिजली होती, पण शाई टिकली होती. बायांनी पानं हलक्या हातानं सुटी केली, दोऱ्यावर कपडे वाळत घालतात तशी घातली. वीज नाही, लॉकडाऊन चालू, घरांवर छप्पर नाही, आणि अशातही आठवडाभर आमच्या बाया ती पानं उलटत होत्या. कारण त्या पानांवर त्यांचा पैसा होता. एका ताईंनी कर्जाचे अठरा हप्ते फेडले होते. त्याची नोंद गेली असती तर त्यांनी काय करायचं होतं? संगणक गेल्याचं कुणालाही फारसं वाईट वाटलं नाही. पण त्या अठरा हप्त्यांचं पान सापडलं तेव्हा त्या ताई रडल्या.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. यंत्र पुन्हा आणता येतं, नोंद आणता येत नाही. म्हणून खर्च करताना पहिला विचार नोंदीचा, नंतर यंत्राचा.

आता आम्ही काय करतो ते ऐका. प्रत्येक हिशेबाच्या तीन प्रती. एक संगणकात, एक पेन ड्राईव्हवर, आणि एक दुसऱ्या गावात. पेणच्या गटांची प्रत रोह्याला असते आणि रोह्याची प्रत पेणला. दर महिन्याला मी गाडीनं जातेच, तेव्हा अदलाबदल होते. एकाच वेळी दोन्हीकडचे पत्रे उडू नयेत, एवढीच देवाकडे मागणी. पेन ड्राईव्ह वर्षानुवर्षं नुसती ठेवून देऊ नका, दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे झाकण न उघडलेलं लोणचं, आत बुरशी आहे की नाही ते कसं कळणार?

ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांनीही हे करता येतं. बैठक संपली की रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा, आणि तो दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. पण आधार कार्ड आणि बँकेच्या खात्याचे फोटो मोठ्या ग्रुपवर टाकू नका. आणि कागदाचं रजिस्टर बंद करू नका. ॲपमध्ये नोंदी भरल्या जातात ते चांगलंच आहे, पण वादळात आम्हाला कागदानंच वाचवलं.

त्याच वादळानंतर आणखी एक धडा मिळाला. मी एकदा हिशेबाची एक फाईल ईमेलनं पाठवली होती, ती सापडली. आनंदानं दुसऱ्या संगणकावर उघडली, तर आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-रेघा. आकडे कळत होते, नावं नाही. कुणाचे पैसे आणि किती, यातलं फक्त "किती" उरलं होतं.

असं का झालं? ती फाईल मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकली होती. त्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरच साठवतो आणि वर मराठीचा मुखवटा चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो मुखवटा नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तोच फॉन्ट शोधून टाकला तेव्हा कुठे नावं वाचता आली.

यावर उपाय आहे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती 1991 साली आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या 'क'चा क्रमांक 0915. तो पेणमध्ये तोच, पुण्यात तोच, आणि आपल्या मूर्ती जातात त्या परदेशातही तोच. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. संगणकावरही आज युनिकोडच वापरा. टंकून देणाऱ्या दुकानातही "युनिकोडमध्ये द्या" असं मागून घ्या.

आणि टंकायला इनस्क्रिप्ट शिका. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये ते आधीपासून असतं, विकत घ्यावं लागत नाही. त्याची मांडणी आपल्या बाराखडीसारखी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. कीबोर्डवर इंग्रजी वाय, मग सेमीकोलन, मग एल दाबा. झालं 'बचत'. आमच्या गटातल्या सातवी शिकलेल्या एक वहिनी पंधरा दिवसांत इतिवृत्त टंकायला लागल्या. इंग्रजी येत नाही म्हणून त्या संगणकाजवळ येत नव्हत्या. आता त्यांना उठवावं लागतं.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. संगणकाचा पासवर्ड कुणाकडे आहे?

बऱ्याच गटांत चित्र असं असतं की संगणक बायांचा आणि पासवर्ड गावातल्या एखाद्या हुशार मुलाकडे. मुलगा चांगलाच असतो, मदत म्हणूनच करतो. पण आमच्या एका गटातला असा मुलगा नोकरीला लागला, गाव सोडून गेला, आणि नेमका तेव्हा फोन लागेना. बँकेत कागद द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी होती. बारा बाया संगणकासमोर बसून होत्या आणि स्वतःचाच हिशेब त्यांना उघडता येत नव्हता. मुलाचा फोन रात्री दहाला लागला, म्हणून निभावलं.

आपल्याला हे जमत नाही असं नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना किती जणींनी स्वतः फोटो चढवले, ओटीपी टाकले, आठवा. मग गटाचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव या दोघींकडे का नको? एका कागदावर लिहा, पाकिटात बंद करा, पेटीत ठेवा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदला. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही नाही. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन कामं करा. संगणक हळू असेल तर दुकानात जाण्याआधी ती तीन बटणं दाबून काय अडलंय ते बघा. हिशेबाची एक प्रत दुसऱ्या गावात पोचवा. आणि पासवर्ड कुणाकडे आहे हे येत्या बैठकीत विचारा. उत्तर देताना सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तर समजा की तुम्ही योग्य प्रश्न विचारला आहे.

आमच्या पंचेचाळीस हजारांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. साडेतीन हजार संगणकाला लागले. उरलेले पैसे गटांकडेच राहिले आणि त्यातून तिघींना हंगामासाठी कर्ज देता आलं. त्यांचे हप्ते आता त्याच जुन्या संगणकावर, युनिकोडमध्ये, त्यांच्या स्वतःच्या नावानं नोंदले जातात. आणि त्याची एक प्रत रोह्याला असते.